बैल इथेच थांबतात

तो माझ्या खोलीत पहिल्यांदा आला, तो माझी खोली उचलून न्यायलाच.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाहेर श्रावणातला पाऊस आत-बाहेर करत होता, आणि मी १९५८ सालचं एक दप्तर टेबलावर पसरून, तोंडाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने पानांमधली कसर झटकत होते. कागद खाऊन खाऊन गलेलठ्ठ झालेली कसर! तेवढ्यात दारात एक लांबच लांब माणूस उभा राहिला. केसांवर पावसाचे थेंब, खांद्यावर दोर, हातात एक कागद.

"खोली नंबर चार हीच मा?"

"होय, हीच!" मी ब्रश खाली ठेवून जवळजवळ धावलेच. चार महिन्यांत या खोलीत अकरा माणसं आली होती, आणि त्यांतली सात संडास कुठे आहे ते विचारायला. "बसा ना. किते बघूंक जाय तुमका?"

"बघूचा काय नाय," तो शांतपणे म्हणाला. "नेवचा आसा. सगळी रद्दी. टेम्पो दारात लावलंय."

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. खाली आमच्या मुख्याधिकाऱ्यांची सही, वर पालिकेचा शिक्का, आणि मधोमध स्वच्छ अक्षरात – खोली क्र. ४ मधील निरुपयोगी कागद लगद्यासाठी पाठवावेत.

मी पिंपळखोल नगरपालिकेची अभिलेखपाल. नाव गौरवी, राहणार नार्वे. ही पदवी ऐकायला मोठी वाटते, पण काम असं की पोर्तुगीज काळापासूनचे पालिकेचे कागद झाडायचे, फाटलेले खळीने चिकटवायचे, गंजलेल्या टाचण्या काढायच्या, आणि कोणी बघायला आलं तर हसतमुखाने दाखवायचे. शेवटचं काम सोडून बाकी सगळं मी मन लावून करत होते. शेवटच्या कामाला माणसंच येत नव्हती.

मी उठले. खोलीतली एकुलती एक कदेल उचलली, दाराच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले.

"आधी माका उचला," मी म्हटलं. "मागीर कागद."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. डोक्यापासून चपलांपर्यंत. एखादं कपाट जिन्यावरून उतरवायचं असावं तसं. मग पुन्हा हातातला कागद वाचला.

"उचलूक काय..." तो म्हणाला, "पण ह्या कागदात तुमचा नाव नाय."

मला हसू आलं असतं, पण मी दाबलं. रागावलेल्या माणसाने हसून चालत नाही.

---

चूक कुठे झाली ते अर्ध्या तासात उघड झालं. आमचे अध्यक्ष बाबुराव यांना कोणीतरी सांगितलं होतं की त्यांच्या केबिनचा नंबर सात असल्यामुळे कामं अडतात. तेव्हा उन्हाळ्यात पालिकेतल्या सगळ्या पाट्या सरकवल्या. सातची एक झाली, एकची दोन झाली, आणि मोडक्या खुर्च्या नि छापून उरलेले कोरे फॉर्म ठेवायच्या खोलीची चार नंबरची पाटी येऊन बसली माझ्या दारावर. पाट्या सरकल्या, पण ठरावातला आकडा कोणी सरकवला नाही.

मुख्याधिकारी सगुणबाब भला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चूक झाली, मान्य," ते म्हणाले. "पण ठराव मंजूर आहे. तो फिरवायला बैठक लागते, आणि बैठक आता चवथीनंतर, गणपती झाल्यावर."

"मग चवथीनंतर फिरवा, सर."

"फिरवायला कारण लागतं, गौरवी. सभासद विचारतील, त्या खोलीचा लोकांना उपयोग काय? बाबुरावांना तर तिथे चहापान कक्ष हवाय." त्यांनी आवाज खाली आणला. "तू असं कर. बैठकीपर्यंत शंभर माणसं येऊन कागद बघून गेली असं नोंदवहीत दाखव. खऱ्या सह्या. मग मी स्वतः विषय मांडतो. नाही जमलं तर... माझा इलाज नाही."

पाच आठवडे. शंभर माणसं. चवथीच्या तोंडावर, जेव्हा गोव्यात माणूस स्वतःच्या घरातसुद्धा सापडत नाही! मी परत खोलीत येऊन बसले. माझी नोकरी कंत्राटी होती, ती गेली असती तर कुठेतरी दुसरी मिळाली असती. पण या कागदांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. ते एकदा लगद्यात गेले की गेले. मला रडूच आलं, आणि रुमाल तोंडाला बांधलेलाच होता म्हणून बरं झालं.

---

दुसऱ्या दिवशी तो परत आला. दोर नव्हता. हातात कागदही नव्हता.

"आज काय नेवचा आसा?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"काय नाय. काल घराक गेलंय, पण डोक्यातसून जायना." तो दारातच घुटमळला. "माझा नाव अक्षय. अक्षय गवस, दोडामार्गसून येतंय. माका फक्त एक सांगा... ह्या कागदांत असा आसा तरी काय, की तुमी दारात कदेल घालून बसलात?"

बारावा माणूस! मी नोंदवही पुढे केली. सही करायला तो वाकला, आणि मला त्याचे हात दिसले.

"थांबा! हात दाखवा."

त्याने दोन्ही पंजे पुढे केले. डिझेल, चिखल, आणि उजव्या अंगठ्यावर एक जुनी खूण.

"नळ जिन्याखाली आसा. साबण लावा. कोपरापर्यंत."

तो निमूट गेला आणि कोपरापर्यंत धुऊन आला. हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा. मग मी त्याला १९३१ चा कुत्र्याचा परवाना दाखवला. लग्नात बँड वाजवायची परवानगी दाखवली, 'सूर्यास्तानंतर कर्णा वाजवू नये' अशा अटीसकट. आणि माझा लाडका कागद – एका गृहस्थाची तक्रार की शेजाऱ्याचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो, आणि त्यावर पालिकेचा शेरा – कोंबड्याच्या मालकाने खुलासा करावा.

अक्षय इतका हसला की कपाटावरची धूळ उडाली.

"आणि त्येनी केल्यान खुलासो?"

"केला मरे. लिहिलंय की कोंबडा त्याचं ऐकत नाही, सबब त्याचा दोष नाही."

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. पोहोचवणीचं काम दोडामार्ग ते डिचोली, आणि पिंपळखोल वाटेवरच – असं तो म्हणायचा. नकाशात बघितलं तर वाट बरीच वाकडी होती.

खोलीत खाणं-पिणं बंद, हा माझा नियम. एक तुकडा सांडला की मुंग्या, मुंग्यांमागून सगळं लटांबर. अक्षय पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव आणि पातळभाजी घेऊन यायचा, त्यामुळे आम्हाला बाहेर पायरीवर बसावं लागायचं. हे केवळ कागदांच्या हितासाठी होतं. पायरी अरुंद होती हा काही माझा दोष नव्हे.

"ह्या कागदांवर अ, ब, क लिवलेला काय ता?" एकदा त्याने विचारलं.

"वर्ग. 'अ' म्हणजे कायम जतन करायचं. 'ब' तीस वर्षं, 'क' पाच. आणि 'ड' म्हणजे वर्षभर ठेवायचं, मागीर फाडायचं."

त्याने उंड्याचा तुकडा भाजीत बुडवला. बुडवून तसाच धरून ठेवला.

"आणि माका... खंयच्या वर्गात घातलास?"

आमच्यातलं 'तुमी' कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही.

"ड," मी म्हटलं.

"वरीसभर तरी ठेवतलंस मगे," तो खुशीत म्हणाला, आणि तुकडा तोंडात टाकला.

माझे कान गरम झाले. भाजी तिखट होती, असं मी त्याला सांगितलं.

---

पायरीसमोरच त्याचा टेम्पो उभा असायचा, आणि तिथे गाडी उभी करायला बंदी होती. पाटी होती तशी. महादेवदादा म्हणजे आमचे शिपाई; निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि त्या सात महिन्यांत एकही नियम मोडू द्यायचा नाही असा निश्चय केलेला. त्यांनी सगुणबाबांच्या सहीने अक्षयला लेखी ताकीद दिली. दोन दिवसांत अक्षयचं लेखी उत्तर आलं. माझ्या खोलीतले कागद वाचून वाचून त्याला ती भाषा चढली होती.

'मी अक्षय गवस, टेम्पोचालक, लिहून देतो की माझा टेम्पो जुना असून पालिकेच्या दारात आला की आपोआप बंद पडतो. सबब माझा दोष नाही.'

दुसरी ताकीद गेली. दुसरा खुलासाही तोच, फक्त 'आपोआप'च्या जागी 'हटकून'.

"बाय," महादेवदादा मला म्हणाले, "तुज्या खोलीन त्या माणसाक बिघडयलो."

पण मुख्य गोष्ट राहिली सांगायची – सह्या. दोन आठवडे झाले आणि नोंदवहीत नावं होती एकोणीस. त्यांतल्या चौदा सह्या अक्षयच्या. सगुणबाबांनी त्या एकच धरल्या, म्हणजे सहा उरली.

"लोकांक म्हायतच नाय तर येतीत कशे?" अक्षय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या टपावर कर्णा बांधून आला. कांदे विकणारे लावतात तसला. मये, नार्वे, आजूबाजूचे सगळे वाडे, जिथे जिथे त्याचा माल जायचा तिथे तिथे त्याचाच आवाज घुमू लागला.

"ऐका हो ऐका! तुमच्या आज्यान कुत्रो पाळल्यान होतो? पणज्यान सायकल घेतल्यान होती? शेजाऱ्याची तक्रार केल्यान होती? सगळा लिवन ठेवलेला आसा! पिंपळखोल पालिका, खोली नंबर चार! बघूक पैशे नाय! हात धुवन येवचा! मॅडम रागीट आसत, पण मनान बऱ्या!"

हे शेवटचं वाक्य मी त्याला काढायला सांगितलं. त्याने 'रागीट' तेवढं काढलं. नार्व्यात आमच्या दारावरून टेम्पो गेला तेव्हा आई पाट्यावर वाटत होती. वरवंटा थांबला.

"ही मॅडम म्हळ्यार तू?"

"कोण जाणे," मी म्हटलं, आणि विहिरीकडे गेले.

पण माणसं येऊ लागली! कोणी घराचा जुना नकाशा शोधायला, कोणी पणज्याची सही बघायला, आणि बरीचशी शेजाऱ्याच्या आज्याने आपल्या आज्याविरुद्ध काय लिहिलंय ते वाचायला. एका सकाळी सुमंगलामावशी आली. तिचा नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. त्याच्या सायकलीचा परवाना असेल का, असं तिने भीत भीत विचारलं. १९६७ च्या गठ्ठ्यात तो निघाला. मी वाचून दाखवला – नाव, गाव, सायकलीचा रंग हिरवा.

"हिरवो?" मावशी ओरडलीच. "बरोबर वाचलंय मगो? जल्मभर हांव तांबडी म्हण झगडलें, तो म्हणी हिरवी!"

"हिरवीच आसा, मावशे."

ती खो खो हसली. मग पदर डोळ्यांना लावला. "आतां तो बरोबर आसलो म्हण कोणाक सांगूं गो?" असं म्हणाली, आणि कागदाची प्रत मागितली. अक्षय दारात उभा होता. तो पुढे झाला. जिन्यावरून मावशीला हात धरून खाली नेलं, आणि टेम्पोत पुढच्या सीटवर बसवून तिच्या वाड्यापर्यंत सोडून आला. त्या दिवशी मला कळून चुकलं की माझं काही खरं नाही.

संध्याकाळी पायरीवर तो उंड्याला हात लावेना.

"किते झालं रे?"

"काय नाय. सगळ्यांचा काय ना काय गावता ह्या खोलीत." त्याने उंडा उगाच दोन भाग करून ठेवला. "आमचाच काय गावाचा नाय. आमी पडलंव भायले. माझो आजो बैलगाडी घेवन ह्याच बाजारात येय, पण त्येचा कोण कित्याक लिवन ठेवतलो?"

"आजोबांचं नाव?"

"रामचंद्र गवस. जावंदे गे... तू खा."

मी खाल्लं. नाव मात्र लक्षात ठेवलं.

---

चवथ आली. बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, मोठमोठ्या काकड्या म्हणजे तवशी, कांगलां, सुपाऱ्यांचे घोस, आणि माणसांची ही गर्दी. त्या गर्दीतून अक्षयने एकेकाला हाताला धरून वर आणलं. कोणी नारळ घेऊन, कोणी मखराचा कागद काखेत मारून. नोंदवही त्र्याऐंशीवर पोचली. आणि मग तो घरी गेला. दोडामार्गचा गणपती, पाच दिवसांचा.

गणपतीला माणूस घरी जातो, हे मला कळत होतं. तरी मला त्याचा राग आला. आमच्याकडे दीड दिवसाचा; तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात हजर, आणि दारात टेम्पो नाही. फोन केला तर लागेना. सतरा सह्या कमी, बैठक चार दिवसांवर, आणि अक्षयसाहेब आरत्या म्हणत बसलेले! महादेवदादांनी तिसरी ताकीद टंकून ठेवली होती, पण द्यायची कोणाला?

"दार अगदी बोडकें दिसता गो," ते स्वतःच म्हणाले.

राग आला की मी गठ्ठे झाडते. त्या दिवशी 'रहदारी – ताकिदी, १९६४' असा एक सुतळीत बांधलेला गठ्ठा काढला. पाचव्याच कागदाशी माझा हात थांबला. मी खाली बसले. वाचला. पुन्हा वाचला. मग एकटीच मोठमोठ्याने हसत सुटले, इतकी की महादेवदादा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले.

---

बैठकीच्या दिवशी सकाळी दहाला खाली ओळखीचा हॉर्न वाजला. मी जिन्यापर्यंत पळत गेले, आणि मग उगाच सावकाश उतरले.

अक्षय कोणाला तरी टेम्पोतून उतरवत होता. नऊवारी नेसलेली, ठेंगणी, काटक म्हातारी. हातात माटोळीतलं एक भलंमोठं तवशं.

"ही माझी आजी, जानकी," तो म्हणाला. "मूळची मयेची. म्हटला एक सही तरी वाढात. फोन पाण्यात पडलो गे, रागावलंस काय?"

"नाही," मी रागावून म्हटलं. "आजी, वर चला. तुमका एक वाचून दाखवायचं आसा."

आजीने कोपरापर्यंत हात धुतले. नातवाने वाटेत शिकवलं असावं. तिला कदेलीवर बसवलं, आणि मी तो कागद काढला.

"'मी रामचंद्र सखाराम गवस, गाडीवान, राहणार दोडामार्ग,'" मी वाचू लागले, "'लिहून देतो की माझी बांबूंची गाडी पालिकेच्या दारात उभी राहते व बांबू अध्यक्षांच्या खिडकीतून आत शिरतात, ही तक्रार खरी आहे. परंतु माझ्या बैलांना इथेच थांबायची खोड आहे. पुढे हाकल्यास बसतात. सबब माझा दोष नाही.'"

अक्षय माझ्याकडे बघतच राहिला. मग कागदाकडे, मग आजीकडे. आजी खाली मान घालून हातातलं तवशं निरखत होती.

"खाली कारकुनाचा शेरा आसा," मी म्हटलं. "'बैलांची जागेवर तपासणी केली. दुसऱ्या माणसाने हाकले असता बैल न थांबता पुढे गेले. दारात कोण बसते याची चौकशी केली. जानकी नावाची मुलगी, राहणार मये, तवशी विकावयास बसते असे आढळले.'"

"आजये!" अक्षय किंचाळला. "तू तर सांगतंस, मामान जमवलेला लगीन!"

आजीचे खांदे हलू लागले. आधी वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, तोंडाला पदर लावून, सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजत.

"बैल खंयचे थांबतत, बाय!" ती मला म्हणाली. "तोच कासरो ओढी. रोज दोन तवशी घेय आणि रोज विचारी, कडू नाय मा? तीन महिने! सगळी खाल्ल्यान बिचाऱ्यान..."

"म्हणान आजो मरेपर्यंत तवशाक हात लावी नसलो!" अक्षयने कपाळावर हात मारला. "आमका वाटला, त्येका पित्त होता!"

मागून कोणीतरी खदखदून हसलं. वळून बघते तर दारात बाबुराव! त्यांच्यामागे सगुणबाब, आणि त्यांच्यामागे बैठकीला निघालेले सगळे सभासद, टाचा उंचावून ऐकत असलेले.

"बांबू अध्यक्षांच्या जनेलांत?" बाबुराव डोळे पुसत म्हणाले. "आणि... गौरवी, आमच्या बापायचें कितें आसा गो हांगा?"

"असेल, सर. आधी हात धुवा. आणि इथे सही."

आधी बाबुराव गेले नळावर. मग बाकीचे, एकामागोमाग एक. पुढचा तासभर खोलीत अकरा सभासद आपापल्या आज्या-पणज्यांना शोधत होते. एकाच्या आज्याने दुसऱ्याच्या आज्याच्या कोंबड्याची तक्रार केली होती हे निघालं, तेव्हा तर मला मध्ये पडावं लागलं. मी सह्या मोजल्या. आजी धरून पंचाण्णव. पाच कमीच! मी पुन्हा मोजल्या, तेवढ्याच.

"सर... शंभर नाही झाले," मी सगुणबाबांना हळूच सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इथे सभेला पुरेसे सभासद हजर आहेत," ते मोठ्याने म्हणाले. "तर बैठक इथेच सुरू करू. विषय पहिला – खोली क्रमांक चार. ठराव रद्द करावा असं कोणाला वाटतं?"

कोणी मान वर न करताच सगळ्यांनी एकेक हात वर केला. दुसरा हात कागदावर होता. चहा आला तो महादेवदादांनी दारातच अडवला, आणि आमच्या अध्यक्षांनी तो बाहेर पायरीवर उभं राहून घेतला.

या गडबडीत अक्षय दिसेना. आजीला घेऊन तो केव्हाच निघून गेला होता. जाता जाता महादेवदादांनी त्याच्या हातात तिसरी ताकीद ठेवली होती, हे मला मागाहून कळलं.

---

तिसरा खुलासा दोन दिवसांनी आला. तो माझ्याकडे येईपर्यंत आवक विभागाने वाचला होता, सगुणबाबांनी वाचला होता, आणि कोपऱ्यात बाबुरावांची 'पाहिले' अशी सहीसुद्धा होती. महादेवदादा तो दोन्ही हातांनी धरून घेऊन आले, आणि देऊनही गेले नाहीत. कपाटाशी काहीतरी शोधत उभे राहिले.

'मी अक्षय गवस, टेम्पोचालक, लिहून देतो की माझ्या टेम्पोत कोणताही बिघाड नाही. मागील दोन्ही खुलासे खोटे होते. टेम्पो मीच थांबवतो. कारण, खोली क्र. ४ मध्ये बसणारी गौरवी मला आवडते. तिची हरकत नसल्यास यापुढे मी टेम्पो बाजारामागे लावून चालत येईन, रोज, जन्मभर. माझ्या आजोबांनी बैलांवर ढकलले. मला कोणावरही ढकलायचे नाही. सबब दोष माझाच आहे.'

खाली सगुणबाबांचा शेरा – 'संबंधितांनी उचित कार्यवाही करावी.'

माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं हलू लागली. कागदावर थेंब पडू नये म्हणून मी तो लांब धरला.

"बाय," महादेवदादा खाकरले. "ताकिदीचे कागद 'ड' मगो? वर्सान फाडपाचे?"

"नियम तसाच आसा, दादा."

मी १९६४ चा तो कागद काढून पुन्हा बघितला. त्या कारकुनाच्या शेऱ्याखाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एकच शब्द होता – 'ठेवावे'. कोण होता कोण जाणे. त्यालाही नियम माहीत असणारच, पण त्या एका शब्दापायी अख्खा गठ्ठा शिल्लक राहिला होता.

मी पेन घेतलं. अक्षयच्या कागदावर, वर उजव्या कोपऱ्यात, ठळक 'अ' लिहिला, आणि तो घेऊन खाली उतरले.

दारात टेम्पो नव्हता. समोरून, बाजाराच्या बाजूने, तो चालत येत होता. मला बघून थांबला. मग दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत ओले.

"धुवन इलंय," तो म्हणाला. "खंयचो वर्ग... दिलंस?"

मी कागद त्याच्यासमोर धरला. त्याने तो कोपरा बघितला. बराच वेळ बघितला.

"म्हणजे... किती वर्सां?"

"कायम," मी म्हटलं.

वरच्या जनेलातून महादेवदादांनी "आमची हरकत ना!" असं ओरडून सांगितलं.

पालिकेचे कागद सगळ्यांसाठी खुले असतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्या खुलाशाला पहिली मागणी आली. अर्जदार – जानकी रामचंद्र गवस. 'कशासाठी हवा' या रकान्यात तिने नातवाकडून लिहून घेतलं होतं – 'आयकूक.' मी तिला कदेलीवर बसवलं आणि सगळा वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग पदराखालून एक तवशं काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"कडू नाय, बाय," ती म्हणाली.

खोलीत खाणं बंद, म्हणून आम्ही तिघं ते बाहेर पायरीवर बसून खाल्लं.